खुडूक कोंबडीचा हिशेब

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या पूर्व भागात आज कोंबडी म्हटले की पत्र्याची लांबलचक शेड डोळ्यांपुढे येते. पश्चिम भागात कोंबडी म्हटले की चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील पाटी. नारायणगाव-मंचरच्या बाजूला कालव्याचे पाणी पोहोचले, ऊस, टोमॅटो आणि द्राक्षे आली, आणि त्यांच्या पाठोपाठ कंत्राटी कुक्कुटपालनही आले. आहुपे, तिरपाड, आंबे, हातवीज, घाटघर अशा सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत मात्र अंगणात फिरून पोट भरणारी गावरान कोंबडीच टिकून आहे. एकाच पक्ष्याच्या या दोन अर्थव्यवस्था आहेत. पहिलीचा हिशेब बँकेपासून विमा कंपनीपर्यंत सर्वांना मुखोद्गत आहे. दुसरीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, आणि मांडलाच तर तो उलट्या बाजूने मांडला जातो. ही चूक नेमकी कोठे होते हे पाहावयाचे तर खुडूक बसलेल्या कोंबडीपासून आरंभ केला पाहिजे.

दहा-पंधरा अंडी घातल्यावर गावरान कोंबडी एके दिवशी अंडे देण्याचे थांबवते आणि जागेवरून उठेनाशी होते. पिसे फुलवून, घशातल्या घशात घोगरा आवाज काढीत ती बसून राहते. हात पुढे केला तर टोचते. हीच खुडूक कोंबडी. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक या काळात अधिक प्रमाणात स्रवू लागते, छातीखालची पिसे झडून त्वचा उघडी व ऊबदार होते, आणि त्या उघड्या त्वचेला अंड्यांचा स्पर्श होत राहतो तोवर संप्रेरकाचा हा जोर टिकतो. अंडी काढून घेतली की तो ओसरू लागतो. पुढचे २१ दिवस कोंबडी दिवसाकाठी सुमारे वीस मिनिटे चारापाण्यासाठी उठते. एरवी अंडी उलटीपालटी करीत त्यांना साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब देते. विजेवर चालणाऱ्या उबवणी यंत्राला हेच काम करण्यासाठी तापनियंत्रक, पंखा, आर्द्रतामापक आणि न खंडणारा वीजपुरवठा लागतो. यांपैकी शेवटची वस्तू डोंगरातल्या वस्तीत पावसाळ्यात कितपत मिळते, हे तेथे नोकरी केलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

कोंबडीला खुडूक बसण्याची सक्ती करता येत नाही; तिला अनुकूल परिस्थिती तेवढी देता येते. हे ज्ञान घराघरांतील बायकांकडे आहे आणि शरीरशास्त्राने त्याला बहुतांशी दुजोराच दिला आहे. रोजची सगळी अंडी उचलावयाची नाहीत, एक-दोन तरी घरट्यात राहू द्यावयाची. ती नासू नयेत म्हणून खऱ्या अंड्याऐवजी गुळगुळीत पांढरा गोटा ठेवला तरी चालतो, कारण कोंबडीला पाहिजे असतो तो स्पर्श. जागा अंधारी, कोरडी, माणसांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेपासून दूर असावी. पाटीत भाताचा पेंढा, तळाशी चुलीतली राख, उवा-पिसवांसाठी निरगुडीचा पाला. कोंबडी दोन रात्री सलग जागेवर बसली म्हणजे तिचा निश्चय खरा मानावयाचा आणि मगच, तेही रात्रीच्या अंधारात, तिच्याखाली उबवणीची अंडी सरकवावयाची. दिवसा जागा बदलली तर ती बिथरून उठते. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली आणि पाण्याने न धुतलेली असावीत. दहा-बारांहून अधिक अंडी साध्या गावरान कोंबडीच्या पंखांखाली मावत नाहीत. लोभाने पंधरा घातली तर कडेची थंड पडतात आणि फिरवाफिरवीत सगळ्यांचेच नुकसान होते. सातव्या-आठव्या दिवशी कंदिलापुढे किंवा बॅटरीपुढे अंडे धरले की आतल्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ज्यात ते दिसत नाही ते बाजूला काढतात. विजांच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवण्याची चाल आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. पावसाळ्यात अंडी नासतात ती ओलीने. पण त्या लोखंडाने कोणाचे नुकसानही होत नाही.

आणखी एक गोष्ट शहरी वाचकाने लक्षात घ्यावी. दुकानातून आणलेले पांढरे अंडे कोणत्याही कोंबडीखाली ठेवले तरी त्यातून पिलू निघणार नाही, कारण ते घालणाऱ्या कोंबडीने कोंबडा पाहिलेलाच नसतो. ती कोंबडी खुडूकही बसत नाही. हा तिचा दोष नव्हे, तो माणसाने जाणूनबुजून घडवून आणलेला गुण आहे. इजिप्तमधील उबवणी भट्ट्या दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. तेथले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता ओळखत. पण कृत्रिम उबवणी जगभर स्वस्त आणि खात्रीची झाली ती विसाव्या शतकात. एकदा ऊब देण्याचे काम यंत्राकडे गेल्यावर खुडूक बसणारी कोंबडी ही व्यावसायिकाच्या दृष्टीने कामचुकार ठरली. लेगहॉर्नसारख्या मुळातच फारशा न बसणाऱ्या जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत आजची वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी संकरित कोंबडी तयार झाली. श्रमविभागणीचा हा नमुनेदार विजय आहे. अंडे स्वस्त झाले, गरिबाच्या ताटात प्रथिने आली. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पुणे हे तर या उद्योगाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

प्रश्न उभा राहतो तो या उद्योगाचे मोजमाप परसातल्या कोंबडीला लावले जाते तेव्हा. त्या मापाने गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम ४० ते ६० अंडी देते आणि उरलेले दिवस बसून किंवा पिलांमागे फिरून वाया घालवते. म्हणून उपाय सुचतो तो जात सुधारण्याचा. जुन्या पिढीतील बायकांनाही कधी कधी हेच वाटे, आणि मग खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवणे, पाटीखाली उपाशी कोंडणे, नाकपुडीत पीस खुपसणे असे उपाय होत. त्यांपैकी छाती थंड करणारे उपाय लागू पडतात, बाकीचे नुसतेच क्रूर आहेत.

पण वाया गेलेले दिवस हा शब्दप्रयोग जरा तपासून पाहू. एका घरात तीन गावरान कोंबड्या आहेत आणि प्रत्येक कोंबडी वर्षातून दोनदा बारा-बारा अंड्यांवर बसली असे धरले, तर ७२ अंडी उबवणीत गेली. चारांतील तीन अंड्यांतून पिलू निघाले असे मानले तर ५४ पिले होतात. मोकळ्या पद्धतीच्या पालनात पहिल्या आठ आठवड्यांत निम्मी किंवा त्याहूनही अधिक पिले दगावतात, हा जगभरचा अनुभव आहे. निम्मी गेली असे धरले तरी २७ पक्षी हाती राहतात. आता दुसरी बाजू. ती ७२ अंडी विकली असती, शिवाय बसण्यात आणि पिले सांभाळण्यात गेलेल्या प्रत्येकी सुमारे ८० दिवसांत दिवसाआड एक अंडे मिळाले असते असे अगदी उदारपणे मानले, तर सहा खेपांची २४० अंडी वाढली असती. एकूण ३१२ अंडी. एका वाढलेल्या गावरान पक्ष्याच्या किमतीत गावरान अंडी दोन डझन तरी येतात. त्या दराने २७ पक्षी म्हणजे ६४८ अंड्यांचे मोल. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी व्यय म्हणतात तो संपूर्ण हिशेबात धरूनही खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणाऱ्या कोंबडीच्या दुप्पट कमावते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, गावोगाव ते बदलतील. पक्षी वाढण्यास पाच-सहा महिने लागतात हेही खरे. तथापि दिशा बदलणार नाही, कारण अंडे हा उपभोग्य माल आहे आणि पिलू हे भांडवल.

यंत्र कितीही उत्तम असले तरी दुसरे यंत्र प्रसवत नाही. म्हणूनच कारखानदार दरवर्षी घसारा बाजूला काढतो. शेडमधील कोंबडी सुमारे दीड वर्षाची झाली की विकली जाते आणि तिच्या जागी नवी तलंग विकत आणावी लागते. खुडूक बसणारी कोंबडी आपला घसारा आपणच भरून काढते, वर चक्रवाढ व्याजही देते, आणि या सगळ्यासाठी रोख पैसा जवळजवळ लागत नाही. पश्चिम आंबेगावात किंवा जुन्नरच्या मावळ पट्ट्यात रोख पैसा येतो तो हिरड्याच्या हंगामात आणि मजुरीतून. भात, नाचणी, वरई घरच्या पोटाला. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर. कोंबडी मात्र घरच्या बाईची. मुलाची वही, एस.टी.चे भाडे, दवाखान्याची चिठ्ठी, माहेरी जाताना न्यावयाची वस्तू ही तिची खाती आहेत आणि त्यांवर कोणाची सही लागत नाही. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण यांची लांबलचक यादी आहे. कोंबडीची नोंद घेण्याची प्रथा राज्यकर्त्यांत तेव्हाही नव्हती.

आज नोंद घेतली जाते, नाही असे नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात परसातील कुक्कुट पक्षी ३१ कोटी ७० लाखांवर गेले. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के होती, तर एकूण कुक्कुट पक्ष्यांची वाढ सुमारे १७ टक्के. म्हणजे परसातील कोंबडी मावळत चालली आहे हा समज खरा नाही. परंतु त्या ३१ कोटींत स्वतःच्या अंड्यांवर बसणाऱ्या किती आणि गाडीतून आणून वाटलेल्या किती, हे या ठोकळ आकड्यावरून कळत नाही. वाटपासाठी निवडलेल्या जाती नावाजलेल्या आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा: दोन्ही रंगीत पिसांच्या, परसात तग धरणाऱ्या, गावरानच्या दुप्पट-अडीचपट अंडी देणाऱ्या. फक्त त्या सहसा खुडूक बसत नाहीत. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्याला २५ तलंगा आणि ३ नर असा गट निम्म्या अनुदानावर देण्याची पद्धत आहे. पहिल्या वर्षी घरात अंडीच अंडी होतात आणि छायाचित्रेही चांगली येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्या कोंबड्या म्हाताऱ्या होतात, काही मुंगूस नेतो, काही रोगाने जातात, आणि घर पुन्हा योजनेच्या रांगेत उभे राहते. जी बाई भांडवलाची मालक होती ती गिऱ्हाईक होते. याहून गंभीर गोष्ट अशी की आणलेल्या नरांचा संकर घरच्या कोंबड्यांशी होत गेला तर खुडूक बसण्याचा गुण पुढच्या पिढ्यांत पातळ होण्याची भीती असते; आणि एकदा गेलेला हा गुण कोणत्याही अनुदानाने परत आणता येत नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ साली पुनर्रचना झाली. त्यात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी किमान १००० पैदाशीचे पक्षी ठेवून उबवणी केंद्र उभारणाऱ्या उद्योजकाला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळते. उद्योजकाला साहाय्य मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. पण तीन खुडूक कोंबड्या हेही उबवणी केंद्रच आहे, आणि त्याच्या मालकिणीची गरज लाखांत नाही, काही रुपयांत आहे.

ती गरज कोणती? वरच्याच हिशेबाकडे पुन्हा पाहावे. ५४ पिलांपैकी निम्म्याऐवजी पाऊण जगली तर २७ च्या जागी ४० पक्षी हाती येतात. एकही नवी कोंबडी न आणता, जात न बदलता, खाद्य विकत न घेता. पिले मरतात ती मुख्यतः तीन कारणांनी: घार-मुंगूस-रानमांजर, ओल आणि थंडी, आणि मानमोडी. पहिल्या दोहोंवर उपाय म्हणजे पहिले तीन-चार आठवडे डालग्याखाली कोंबडीसह पिले झाकणे, जमिनीपासून उंच आणि पक्के खुराडे, मूठभर कणी किंवा वाळवीचे ढेकूळ. मानमोडीची गोष्ट वेगळी आहे. कुमाऊँमधील राणीखेत या गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा विषाणुजन्य रोग एका आठवड्यात वस्तीच्या वस्ती रिकामी करतो. त्यावर लस आहे, ती स्वस्त आहे आणि डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देता येते. अडचण आहे ती कुपीची. लस शंभर, दोनशे, पाचशे मात्रांच्या कुपीत येते, थंड ठेवावी लागते आणि एकदा द्रावण केले की दोन-तीन तासांत संपवावी लागते. ज्या घरी आठ कोंबड्या आहेत त्या घराने शंभर मात्रांची कुपी काय म्हणून घ्यावी? अविभाज्यतेचे हे उदाहरण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील पुलाच्या उदाहरणापेक्षा लवकर समजेल. बाजार येथे आपोआप काही करणार नाही. वस्तीतील सर्व घरांनी एकाच सकाळी एकत्र येणे हाच मार्ग आहे. 'उमेद' अभियानातील पशुसखी ही यंत्रणा आज उपलब्ध आहे. तिच्याकडे बर्फाचा डबा, कुप्या आणि ठरलेली तारीख असावी एवढीच मागणी. उष्णतेत अधिक काळ टिकणारी 'आय-२' नावाची लस ऑस्ट्रेलियात याच प्रकारच्या खेड्यांसाठी तयार झाली आणि आफ्रिकेत वापरली गेली, हेही पशुसंवर्धन खात्याने ध्यानात घ्यावे.

शेजारच्या बांगलादेशाने खुडूक कोंबडीला शत्रू न मानता तिच्यासाठी एक साधे उपकरण सुचवले आहे. त्याला तेथे हाजल म्हणतात. मातीचे खोलगट घरटे आणि त्यालाच जोडलेल्या दोन वाट्या, एकीत दाणे, दुसरीत पाणी. कोंबडीला अन्नासाठी दूर जावे लागत नाही, अंडी थंड पडत नाहीत, तिचे वजन घटत नाही, आणि म्हणून पिले लवकर वेगळी केली तर ती पुन्हा लवकर अंड्यावर येते. जुन्नर-आंबेगावातील कुंभारांना हे काम अवघड नाही. दुसरा मध्यममार्गही आहे: सुधारित जातीची फलित अंडी गावरान कोंबडीखाली ठेवणे. ती आपले-परके पाहत नाही. खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून पिलांबरोबर उबवणीयोग्य अंडीही डोंगरापर्यंत पोहोचवली आणि घरचे गावरान कोंबडे काढून टाकू नयेत ही अट घातली, तर जास्त अंड्यांचा लाभ मिळेल आणि बसणारी जातही घरात राहील.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. पाच-दहा कोंबड्यांनी दारिद्र्य हटणार आहे काय? हटणार नाही. शेडचा व्यवसाय करणाऱ्या पूर्वेकडील तरुणाचे उत्पन्न या बाईच्या कित्येक पट आहे. पण त्याची जोखीमही तितकीच मोठी आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो ही अफवा पसरली, भाव कोसळले आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी पक्षी फुकट वाटण्याची किंवा पुरण्याची पाळी आली. २०१९ साली सांगली जिल्ह्यात उघडकीस आलेल्या कडकनाथ प्रकरणात पिले देणारा आणि अंडी विकत घेणारा एकच होता. तो नाहीसा झाल्यावर हजारो लोकांच्या अंगणात खाणारे पक्षी तेवढे उरले. परसातील कोंबडीलाही संकटे चुकत नाहीत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा शेडमधल्या पक्ष्यांबरोबर आदिवासींच्या अंगणातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. शेड नव्या पिलांनी पुन्हा भरता येते. अंगण भरण्यासाठी शेजारच्या वस्तीत खुडूक बसणारी कोंबडी शिल्लक असावी लागते. अर्धलीने कोंबडी देण्याची, म्हणजे पिलांत निम्मा वाटा ठरवून ती दुसऱ्या घरी सोपवण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात आहे. आंध्रातील पूर्व गोदावरीच्या डोंगराळ भागातही 'वाटू' नावाने अशीच देवघेव चालत आली आहे. तारणाशिवाय मिळणारे कर्ज याहून सोपे कोणत्या बँकेने दिले आहे?

राहता राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात पिलू जगवणे कठीण आणि वैशाखात अंडी लवकर नासतात. कोंबडी बसवण्याचा खरा हंगाम भाताची कापणी झाल्यावर सुरू होतो आणि शिमग्याच्या आसपास संपतो. तेव्हा खळ्यावर सांडलेला दाणा असतो, अंगण कोरडे असते. त्यामुळे मानमोडीची लस दिवाळीपूर्वी वस्तीवर पोहोचली पाहिजे. सरकारी वर्ष मात्र मार्चअखेरीस संपते, अनुदान खर्ची पडण्याची घाई तेव्हा होते, आणि तलंगांनी भरलेली गाडी घाट चढते ती नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात. पुणे जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने पुढच्या वर्षासाठी काही बदलावयाचे ठरवलेच, तर त्यांनी या गाडीची तारीख आधी पाहावी.